‘इतर’ या पर्यायात बसवलेली पदवी

लिबरल आर्ट्सची, म्हणजे एकाच शाखेत न अडकता मानव्यविद्या, समाजशास्त्रे आणि विज्ञान-गणित यांतले विषय एकत्र शिकण्याची, पदवी घेऊन नोकरी मिळते का, या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर ‘मिळते’ असे आहे. परंतु ती मिळण्याआधी एका संस्थेच्या ऑनलाइन अर्जाने जो मनस्ताप दिला, त्याची चीड अजून गेलेली नाही. जागा संशोधन सहायकाची होती. तत्त्वज्ञान हा माझा मुख्य विषय, इतिहास दुय्यम, आणि त्यांच्या जोडीला संख्याशास्त्राचे अभ्यासक्रम मी आवडीने पूर्ण केले होते. जाहिरातीत मागितलेले वाचन, लेखन आणि आकडेवारीचे विश्लेषण हे सारे माझ्या गुणपत्रिकेवर दिसत होते.

अर्जातील ‘शाखा’ या रकान्यात मात्र कला, वाणिज्य, विज्ञान, अभियांत्रिकी आणि इतर एवढेच पर्याय होते. ‘कला’ निवडले की खालचा ‘गणित किंवा संख्याशास्त्र’ हा रकाना आपोआप बंद होई आणि तेथे ‘लागू नाही’ असे उमटे. ‘इतर’ निवडल्यास संख्याशास्त्र भरता येई, पण अर्ज पाठवताच पात्रता जुळत नसल्याचा ठरावीक नकार येई, आणि तो इतक्या तत्परतेने येई की माणसाने अर्ज उघडला असण्याची शक्यताच नव्हती. मदत कक्षाला पाठवलेल्या प्रत्येक ईमेलला ‘कृपया योग्य शाखा निवडावी’ हेच उत्तर मिळाले. योग्य शाखा यादीतच नाही, हीच माझी तक्रार होती. लिबरल आर्ट्स हे नाव ज्यांच्यावरून आले, त्या मध्ययुगीन युरोपातील विद्यापीठांत शिकवल्या जाणाऱ्या सात कलांमध्ये व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व यांच्याबरोबर अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोलशास्त्र यांचाही समावेश होता. कलाशाखेच्या विद्यार्थ्याला आकड्यांशी देणेघेणे नसते, हा समज अर्ज तयार करणाऱ्याने कोठून उचलला, कोण जाणे.

अखेर मी मदत कक्षाचा नाद सोडला. विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून मुख्य विषय, दुय्यम विषय आणि संख्याशास्त्राचे श्रेयांक (क्रेडिट) स्पष्ट लिहिलेले पत्र घेतले, त्याला अभ्यासक्रमांची वर्णने जोडली आणि ज्या विभागात जागा होती त्याच्या प्रमुखांना ते थेट पाठवले. त्यांनी स्वतः लक्ष घालून माझा अर्ज नोंदवून घ्यायला लावला. मुलाखत सुरळीत झाली. तिच्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

असे पत्र शक्यतो पदवी हातात पडते त्याच वेळी घ्यावे, कारण नंतर प्राध्यापक बदलतात आणि जुन्या अभ्यासक्रमाची वर्णने शोधून देण्याचा उत्साह कोणालाच राहत नाही. अर्जासोबत स्वतःच्या लेखनाचा नमुना द्यावा. शक्यतो एखाद्या तक्त्यातून निष्कर्ष काढणारा, कारण ‘विश्लेषणक्षमता आहे’ हे वाक्य प्रत्येकजण लिहितो. शोध घेताना पदवीचे नाव टाकू नये, कामाचे नाव टाकावे: धोरण संशोधन, संपादन, वापरकर्ता संशोधन, संग्रहालय व्यवस्थापन, प्रशिक्षण साहित्यलेखन. पदवीच्या नावाने शोधल्यास हाती फारसे लागत नाही, हे मला उशिरा उमगले असले तरी त्यात माझ्यापेक्षा जाहिराती लिहिणाऱ्यांचा दोष अधिक आहे.

पहिल्या पगाराबाबत भ्रम नसावा. डेव्हिड डेमिंग आणि कदीम नोरे यांनी अमेरिकेतील पदवीधरांवर केलेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना मिळणारे जादा वेतन नोकरीच्या सुरुवातीला सर्वाधिक असते आणि पहिल्या दशकात निम्म्याहून अधिक घटते, असे आढळले. माझ्यासारखीला हे वाचून बरे वाटते, पण पहिल्या वर्षाचे घरभाडे त्याने भरले जात नाही. म्हणून थोडी बचत हाताशी ठेवूनच शोधाला लागावे.

त्याच संस्थेची नवी जाहिरात अलीकडे पाहिली. शाखांची यादी तशीच आहे. तेथे अर्ज करणाऱ्यांनी विद्यापीठाचे पत्र आधी मिळवावे आणि मगच तो रकाना उघडावा.