काचबिंदूचा संशय आला, मग चिठ्ठीत काय लिहायचं?

काचबिंदूच्या क्लिनिकला पेशंट पाठवताना लिहिलेल्या चिठ्ठ्या वाचून कोणाला आधी बोलवायचं हे ठरवणं माझ्या कामाचा मोठा भाग आहे, आणि बऱ्याच चिठ्ठ्यांवर एवढंच असतं की 'प्रेशर वाढलंय, ग्लॉकोमा सस्पेक्ट, कृपया पाहावे'. डोळ्यातलं प्रेशर किती, कुठल्या मशीनवर घेतलं, किती वाजता, डिस्क (डोळ्याच्या मागे नजरेची नस जिथे सुरू होते ती गोल जागा) कशी दिसली, काही नाही. पेशंट तर समोर नसतो, त्या कागदावरूनच ठरतं की हा माणूस आज येणार का तीन महिन्यांनी.

मुळात आपण सगळे प्रेशरच्या आकड्याला फार धरून बसतो. २१ (मिमी पारा) च्या वर गेलं की पाठव. पण हवेच्या झोताच्या मशीनवर एकदाच आलेला २३ हा आकडा मला फारसं काही सांगत नाही, पेशंटने श्वास रोखला, डोळे घट्ट मिटले, शर्टाची कॉलर आवळलेली असली तरी तेवढा फरक पडतो, शिवाय कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) जाड असेल तर प्रेशर उगाच जास्त दिसतं आणि पातळ असेल तर कमी दिसतं (हे दुसरं जास्त धोक्याचं). म्हणून शक्य असेल तिथे गोल्डमनवर (डोळ्याला हलकं टेकवून प्रेशर मोजायचं मशीन) परत घ्या, दुसऱ्या दिवशी घ्या, मग पाठवा. फक्त प्रेशर जास्त पण डिस्क आणि फील्ड (नजरेचा एकूण आवाका) ठीक असलेल्या लोकांवर एक मोठी ट्रायल झाली होती, तिचे निकाल २००२ साली आले, त्यात ज्यांना औषध दिलं नव्हतं त्यांच्यापैकी पाच वर्षांत साधारण ९.५ टक्के लोकांना काचबिंदू झाला आणि औषध घेणाऱ्यांत ४.४ टक्के. म्हणजे औषधाचा फायदा आहेच, पण अशा पेशंटने काही आठवडे थांबलं तर सहसा बिघडत नाही. अर्थात प्रेशर ३५ च्या पुढे असेल तर डिस्क कितीही छान असो, मी थांबत नाही.

याच्या उलट, प्रेशर १७, पण डिस्कच्या कडेला बारीक रक्ताची रेघ, खालच्या बाजूला रिम (डिस्कच्या कडेची नसेची पट्टी) खचलेली आणि फील्डमध्ये बरोबर त्याला जुळणारा वरचा भाग गेलेला, हा पेशंट माझ्यासाठी २६ वाल्याच्या कितीतरी आधी येतो. आणि त्यातही एक डोळा आधीच गेलेला असेल, किंवा वय पंचेचाळीसच आहे आणि नुकसान फील्डच्या मधोमध पोचलंय, तर तो सगळ्यात वर, कारण त्याला अजून खूप वर्षं त्याच नजरेवर काढायची आहेत. गेलेली नजर आपण परत आणू शकत नाही, त्यामुळे किती उरलीय आणि किती वर्षं पुरवायची आहे हे मला चिठ्ठीतून कळायला हवं.

काही पेशंट मात्र चिठ्ठीच्या रांगेत बसवायचेच नाहीत. अचानक डोळा लाल, भयंकर दुखतोय, दिव्यांभोवती रंगीत वलयं, कॉर्निया धुरकट, बाहुली अर्धवट मोठी होऊन अडकलेली, हा अँगल (डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट) बंद झाल्याचा अटॅक, त्याच दिवशी फोन करून पाठवा. या लोकांना उलट्या आणि डोकेदुखी इतकी होते की आधी पोटाचे किंवा मायग्रेनचे उपचार चालू होतात आणि डोळ्याकडे कोणी बघत नाही. तान्हं बाळ, डोळे मोठे वाटतात, सारखं पाणी येतं, उजेड सहन होत नाही, तेही लगेच.

ओसीटीबद्दल (नजरेच्या नसेच्या थराची जाडी मोजणारं स्कॅन) एक सांगतेच. नुसता लाल रंगाचा (म्हणजे थर नॉर्मलपेक्षा पातळ) रिपोर्ट जोडून पाठवू नका प्लीज. मोठ्या मायनस नंबरच्या डोळ्यांत लाल रंग बरेचदा आजार नसतानाही येतो, कारण मशीनमधला नॉर्मल डेटा तशा डोळ्यांचा नसतो. चष्म्याचा नंबर लिहा, डिस्कचा आकार लिहा, मोठ्या डिस्कला ०.७ चा कप (डिस्कमधला खोलगट भाग, डिस्कच्या तुलनेत) नॉर्मल असू शकतो आणि छोट्या डिस्कला ०.५ सुद्धा संशयास्पद. दोन डोळ्यांत ०.२ चा फरक असेल तर तो आवर्जून लिहा. जुना फोटो, जुनं फील्ड असेल तर ते तर सोनंच, पहिल्यांदा फील्ड करताना पेशंट गोंधळतो, त्यामुळे एकाच टेस्टवर माझा विश्वास कमी.

दमा आहे का हेही लिहा, प्रेशर कमी करणाऱ्या टिमोलॉलच्या थेंबांनी दमा वाढू शकतो, ते देण्यापूर्वी हे कळायलाच हवं. स्टिरॉइडचं विचारा, त्यानेही प्रेशर वाढू शकतं, थेंबच नाही तर इनहेलर आणि चेहऱ्यावर लावायची क्रीमसुद्धा, लोकांना ती औषधं वाटतच नाहीत म्हणून आपणहून सांगत नाहीत. आणि पेशंटबरोबर सख्खा भाऊ किंवा बहीण आली असेल तर त्यांचेही डोळे तिथल्या तिथे तपासून घ्या, सख्ख्या नात्यात धोका बराच जास्त असतो आणि त्रास काहीच होत नसल्यामुळे ते स्वतःहून कधी येत नाहीत.