हम गेला, पण स्टेशन पळालं

मंडळी, माझ्या जुन्या व्हॉल्व्ह रेडिओत पॉवर सप्लायच्या फिल्टरचे कपॅसिटर बदलून झाले, ईएल८४ या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवरचा गळका पेपर कपॅसिटरही काढला. सेट छान गात होता. मग यूले या फिनलंडच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या रेडिओ १वर आरएसओची (रेडिओ सिंफनी ऑर्केस्ट्राची) मैफल लागली, हेलसिंकीच्या मुसीक्कितालो या संगीतगृहातून थेट. सिबेलियसची पाचवी सिंफनी.

शेवट आठवतोय ना? सहा आघात आणि मधे निखळ शांतता. त्या शांततेत माझा सेट घूंऽऽ करत बसला, म्हणजेच हम! १९१५ची मूळ आवृत्ती असती तर मधल्या जागा तंतुवाद्यांच्या थरथरीने भरल्या असत्या आणि हम खपून गेला असता. १९१९ची अंतिम आवृत्ती कुणाची गय करत नाही.

हम पन्नास हर्ट्झचा. शंभरचा असता (एसीचं डीसी होताना तो दुप्पट होऊन उरतो) तर पुन्हा फिल्टरच उघडला असता. पन्नास म्हणजे व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरचा एसी कुठेतरी शिरतोय. ग्रामोफोनच्या सॉकेटला फोन जोडला आणि सिबेलियसचंच ‘अंदान्ते फेस्टिवो’ लावलं. १ जानेवारी १९३९ला त्यांनी स्वतः कंडक्ट केलेलं, न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी शॉर्टवेव्हवरून गेलेलं. मुद्रणाची खरखर आहेच, पण तुकडा संपल्यावर आवाज पूर्ण वाढवला तरी हम नाही. म्हणजे ऑडिओ आणि पॉवर सप्लाय निर्दोष. स्टेशन लागलं की हम, दोन स्टेशनांच्या मधे नुसती फसफस. सगळा रोख ट्यूनरमधल्या ईसीसी८५ या व्हॉल्व्हवर. हीटर-कॅथोडमधली गळती ऑसिलेटरलाच (कोणतं स्टेशन लागणार ते ठरवणाऱ्या भागाला) पन्नासच्या तालावर डोलवत असणार.

भंगार सेटमधली एक ईसीसी८५ काढून लावली. (‘तपासलेली’ म्हणून दुप्पट भाव लावणाऱ्या विक्रेत्यांपेक्षा भंगारातली केव्हाही परवडते.) ९१.९ मेगाहर्ट्झवर यूलेएक्स हे यूलेचंच दुसरं स्टेशन लावलं, निवेदिका बोलताना थांबली आणि तिचा श्वास ऐकू आला. हम साफ गेला! पाच मिनिटं मी त्यांचं पॉप संगीतही आनंदाने ऐकलं.

मग काटा खाली ८७.९कडे नेला. डायल संपली, यूले रेडिओ १ आलंच नाही. या व्हॉल्व्हची आतली धारकता (कपॅसिटन्स) कमी निघाली, ऑसिलेटर वर सरकला आणि पट्ट्याचं खालचं टोक ८७.९च्याही वर जाऊन बसलं. टॉवर इथे हेलसिंकीशेजारच्या एस्पोतच, सिग्नलची बोंब नाही. माझाच काटा तिथवर पोचत नाही.

उपाय सरळ आहे: ऑसिलेटर कॉइलचा कोअर (आतला गाभा) प्लास्टिकच्या पेचकसाने जरासा आत. पण तो मेणाने सील केलेला आणि म्हातारा. तडकला तर सगळंच गेलं. सेट तासभर तापवून उद्या हात घालणार होतो.

थांबा, लिहिता लिहिता सुचलं. कोअरला हातच कशाला लावायचा? इन्सुलेटेड वायरीच्या दोन तुकड्यांना पीळ घालून ऑसिलेटरवर टाकला तर पाव-अर्धा पीएफ (पिकोफॅरड) धारकता सहज मिळेल, आणि पीळ कमी-जास्त करून ८७.९ डायलवर नेमकं बसवता येईल.

पीळ पक्का करायला मेण बरं की नेलपॉलिश? तापल्यावर ड्रिफ्ट (स्टेशन सरकणं) कशात कमी होतो, अनुभव असेल तर सांगा.