पातं मऊ निघालं म्हणे!

कारखान्यांना लागणारी पाती बनवायची आणि त्यांना धार लावून द्यायची, या आमच्या धंद्यात ही ठरलेली तक्रार. कापड कापणारा असो, पुठ्ठा कापणारा असो की प्लॅस्टिकचं भंगार दळणारा असो, धार गेली की दोष पात्याच्या मऊपणाचा. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं शेड वडिलांकडून माझ्याकडे आलं, तेव्हा तक्रार आली की मुकाट्यानं दुसरं पातं द्यायची पद्धत होती. गिऱ्हाईक टिकायचं, पण महिन्याचा नफा भंगारवाल्याच्या काट्यावर जायचा.

मी आधी एवढंच केलं: तक्रार फोनवर ऐकायची नाही, पातं टेबलावर आणायचं. दहापट दाखवणारं भिंग घेऊन धारेकडे पाहिलं की निम्मी गोष्ट तिथंच कळते. धार गोल होऊन चकाकत असेल, तर ती झिजली किंवा खरंच मऊ आहे. पण धारेला दात पडले असतील, खपल्या उडाल्या असतील, तर प्रकार उलटा: पातं त्या कामाला जास्त कडक आहे, नाहीतर मध्ये लोखंड आलंय.

चिंचोळीचे एक अण्णा प्लॅस्टिकचं भंगार दळायच्या ग्राइंडरची पाती रागारागानं घेऊन आले. धार पार करवतीसारखी. विचारलं, "अण्णा, मालात स्क्रू येतात का?"

"भंगार म्हटल्यावर येणारच की! त्याला मी काय करू?"

त्यांना आम्ही डी-टूची पाती देत होतो, म्हणजे बाजारात ज्याला एचसीएचसीआर म्हणतात ते पोलाद. दीड टक्क्याच्या आसपास कार्बन, बारा टक्के क्रोमियम. टॉवेल किंवा कागद कापायला ते ६० एचआरसीला, म्हणजे कडकपणाच्या मापावर ६० ला, झकास चालतं. अण्णांच्या मालाला तेच ६० काचेसारखं फुटतं. त्यांच्यासाठी टेम्परिंग, म्हणजे कडक केल्यावर पुन्हा तापवणं, वाढवून ५६ वर आणलं आणि फिरत्या व स्थिर पात्यातली फट फीलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, लावून दिली. पोलाद तेच, पण खपल्या उडायच्या थांबल्या.

मग प्रश्न आला की ५६ म्हणजे खरंच ५६ का? हीट ट्रीटमेंट, म्हणजे भट्टीत तापवून पोलाद कडक करणं, आम्ही बाहेरून करून घेतो. दाखल्यावर प्रत्येक लॉटला ६० लिहिलेलं असायचं, अगदी छापील असल्यासारखं. कडकपणा मोजायचं जुनं रॉकवेल मशीन विकत घेतलं, हिऱ्याची टोकदार सुई आणि १५० किलोचा भार. वरची साल घासून काढली आणि तपासलं, तर काही पाती ५३-५४. तिकडून उत्तर आलं, तुमचं मशीन चुकतंय. ठरलेल्या कडकपणाचा प्रमाणित ठोकळा घेऊन गेलो, त्यांच्याच मशीनवर ठेवला. मशीन दोन्ही बरोबर निघाली. भट्टीत माल खच्चून भरल्यामुळं मधल्या पात्यांना १०२० अंशांची धग पुरेशी लागतच नव्हती. आता प्रत्येक लॉटबरोबर त्याच पोलादी बारचा एक तुकडा भट्टीच्या मध्यभागी ठेवायला देतो. पैसे तो तुकडा तपासल्यावर.

सगळ्यात जास्त डोकं मात्र पाण्यानं खाल्लं. पोलादाला देतात ते पाणी नव्हे, कूलंटमधलं, म्हणजे धार लावताना पातं गार ठेवायला सोडतात त्या तेल-पाण्यातलं! आमच्या बोअरचं पाणी जड, क्षारांचं. त्यात कटिंग ऑइल फाटतं, वर तेलाचा तवंग येतो, खाली टाकी नासते. फाटलेलं कूलंट गार करत नाही. धार लावायचं दगडी व्हील चोंदलेलं असेल तर धार जळते आणि तपकिरी-निळसर झाक दिसते. शेवटचा हलका हात मारला की झाक पुसली जाते, खालचा मऊ थर तसाच राहतो. पातं दिसायला आरसा आणि चालायला दोन दिवस. म्हणजे काही वेळा गिऱ्हाईक म्हणतं ते खरंच असतं. आता आरओचं पाणी वापरतो. रिफ्रॅक्टोमीटरनं तेलाचं प्रमाण मोजून कूलंट ४-५ टक्क्यांवर ठेवतो. एप्रिल-मेमध्ये तर रोज बघावं लागतं, कारण सोलापूरच्या उन्हात पाणी उडून जातं आणि तेल घट्ट होत जातं. व्हीलही वरचेवर ड्रेस करतो, म्हणजे त्याचा चोंदलेला थर खरवडून काढतो. आमच्या ग्राइंडरवाल्या मामांना हे आधी फाजील लाड वाटायचे. पांढऱ्या व्हीलखालची ठिणगी बघून ते स्वतःच थांबायला लागले, तेव्हा मी बोलणं सोडून दिलं.

प्रत्येक पात्यावर आता नंबर कोरतो. किती वेळा धार लावली, दर वेळी किती मिलिमीटर गेलं, वहीत लिहितो. त्यातून दिसलं की उशिरा आणलेल्या पात्याचं दुप्पट-तिप्पट पोलाद घासावं लागतं. टॉवेलवाल्यांना ती वही दाखवली आणि ठरलेल्या वारी पाती उचलून आणायचं सुरू केलं. जोडीला एक जादा संच त्यांच्याकडेच ठेवायचा, म्हणजे मशीन बंद राहत नाही. नवीन पात्यांपेक्षा या फेरीतच बरकत आहे, हे मी आता छातीठोक सांगतो.

उधारीचं म्हणाल तर लघुउद्योगाची सरकारी उद्यम नोंदणी करून बिलावर तो नंबर छापला. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे, नाहीतर देईपर्यंत गिऱ्हाइकाला तो खर्च प्राप्तिकरात वजा मिळत नाही. मी कुणाला कायदा सांगायला गेलो नाही. गिऱ्हाइकांचे सीएच मार्चमध्ये फोन करून विचारतात, "तुमचं काही येणं आहे का?"

मखमली टॉवेलचे लूप कापणारे शिअरिंग मशीनचे पिळाचे रोल अजून आमच्याकडे होत नाहीत. त्याला लांब बेडचं वेगळं ग्राइंडर लागतं. त्याचं कोटेशन आलंय, पण किंमत बघून वडील अजून "बघू" म्हणतायत.