काम संपते, पद संपत नाही

मागच्या वर्षी एका सरकारी कार्यालयात माझ्याच अर्जाच्या मागे मला चार टेबले फिरावी लागली. पहिल्या टेबलावर अर्ज संगणकात नोंदवला गेला, दुसऱ्यावर तीच नोंद आवक नोंदवहीत हाताने उतरवली गेली, तिसऱ्यावर दोन्ही नोंदी ताडून पाहिल्या गेल्या आणि चौथ्यावर, ताडून पाहिल्याबद्दलची सही झाली. या चौघांपैकी कोणीही कामचुकार नव्हते. नोंदवही लिहिणाऱ्या बाईंचे अक्षर सुरेख होते, समास पट्टीने आखलेला होता आणि खाडाखोड कुठेही नव्हती. मात्र प्रत्यक्ष जागेवर येऊन पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्याचे पद रिक्त होते, त्यामुळे तो अर्ज पुढे सात महिने तसाच पडून राहिला.

सरकारी खात्यांतील अतिरिक्त नोकरवर्गाचा विषय निघाला की आळसावर बोट ठेवले जाते. मला हे निदान चुकीचे वाटते, आणि त्या कर्मचाऱ्यांवर अन्याय करणारेही. खरे दुखणे असे आहे की एखादे काम संपले तरी त्यासाठी निर्माण केलेले पद संपत नाही, आणि पदावर बसलेला माणूस प्रामाणिक असेल तर तो स्वतःसाठी काम शोधून काढतोच. ब्रिटिश इतिहासकार सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी 1955 साली ब्रिटिश नौदलाची आकडेवारी मांडून हेच दाखवले होते. 1914 ते 1928 या काळात सेवेतील मोठ्या युद्धनौका 62 वरून 20 वर आल्या, खलाशी आणि अधिकारीही सुमारे एक तृतीयांशाने घटले. पण नौदल मुख्यालयातील कर्मचारी 2,000 वरून 3,569 झाले. जिथे जहाजे होती तिथली माणसे कमी झाली आणि जिथे कागद होते तिथली वाढली. एकाच खात्यात माणसांची गर्दी आणि माणसांचा तुटवडा एकाच वेळी कसा असू शकतो, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

अनुदानांचेही असेच होते. न्यूझीलंडमध्ये 1978 पासून सरकारने मेंढीपालकांना किमान भावाची हमी दिली आणि कळप वाढवण्यासाठीही प्रोत्साहन दिले. हेतू चांगला होता, पण पैसा उत्पादनाच्या प्रमाणात मिळत असल्यामुळे चराईला न शोभणारे उभे डोंगरउतारही कुरणाखाली आले आणि 1982 पर्यंत मेंढ्यांची संख्या 7 कोटींवर गेली. मेंढी-गोमांस उत्पादकांच्या ढोबळ उत्पन्नाचा जवळजवळ 40 टक्के भाग अनुदानातून येऊ लागला. 1984 मध्ये सत्तेवर आलेल्या सरकारचे अर्थमंत्री रॉजर डग्लस यांनी ही अनुदाने जवळपास एका झटक्यात बंद केली. दहातील एक शेतकरी शेती सोडेल असा सरकारी अंदाज होता. प्रत्यक्षात सक्तीने शेती सोडावी लागलेल्यांचे प्रमाण सुमारे 1 टक्का राहिले. तरीही तो काळ सुखाचा नव्हता. जमिनीच्या किमती कोसळल्या, व्याजाचे दर चढे होते आणि कर्जात बुडालेल्या कुटुंबांनी ती वर्षे कशीबशी काढली. ज्यांना सरकारनेच कळप वाढवायला सांगितले होते, त्यांनाच त्याची किंमत मोजावी लागली, हे मी विसरू शकत नाही.

गरिबांच्या नावाने दिले जाणारे इंधन अनुदान तर बहुतांशी गरिबांपर्यंत पोचतच नाही. विकसनशील देशांत सर्वांत श्रीमंत 20 टक्के कुटुंबांना सर्वांत गरीब 20 टक्क्यांच्या सरासरी सहापट लाभ मिळतो, असे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने दाखवून दिले आहे. ज्याच्याकडे वाहने जास्त, त्याच्या टाकीत सरकारचा पैसा जास्त. इंडोनेशियाने 2005 मध्ये इंधनाचे दर वाढवताना सुमारे 1.9 कोटी गरीब कुटुंबांना रोख मदत दिली. यादीत चुका झाल्या, तक्रारीही झाल्या, पण पैसा कोणासाठी आहे हा प्रश्न निदान उघडपणे विचारला गेला.

म्हणूनच प्रत्येक अनुदानाला आणि प्रत्येक पदाला मंजुरी देतानाच मुदत घातली पाहिजे, आणि मुदत संपताना ते चालू ठेवण्याचे कारण नव्याने लेखी मांडले गेले पाहिजे, असे मला ठामपणे वाटते. कारण सापडले नाही तर माणसाला घरी पाठवण्याची गरज नाही. त्या नोंदवहीतील टापटीप पाहिल्यावर पाहणीचे काम त्या बाईंना शिकवता आले नसते, असे कोण म्हणेल?

माझ्या अर्जाची पाहणी अखेर दुसऱ्या विभागातून एका दिवसासाठी आलेल्या अधिकाऱ्याने केली. त्या पाहणीला पाऊण तास लागला.