डेट्रॉइटच्या मशीनची तिकिटं आणि आमची वाटचाल

सुरुवातीला आम्ही सगळंच विकायचो, भारताची, ब्रिटनची, मिळतील ती जुनी टपाल तिकिटं. मी नाशिकचा, बायको साताऱ्याची, डेट्रॉइटजवळ घर घेतलं आणि बेसमेंटमध्येच दुकान थाटलं. पण सगळं विकणाऱ्याला कोण लक्षात ठेवतो हो? मग इथल्याच गावचा विषय हाती लागला, डेट्रॉइटच्या शर्मॅक कंपनीचं टपाल तिकिटं चिकटवणारं मशीन, आणि आम्ही त्याच्यामागे वेडे झालो.

झालं असं की १९०६ पासून अमेरिकन पोस्टाने तिकिटं विकणारी आणि पाकिटावर चिकटवणारी मशीन बनवणाऱ्या कंपन्यांना छिद्रं न पाडलेली शीटं द्यायला सुरुवात केली, एका शीटमध्ये ४०० तिकिटं. कंपनी त्याच्या पट्ट्या कापायची, टोकं एकमेकांना चिकटवून कॉइल, म्हणजे गुंडाळी, करायची आणि आपल्या मशीनला चालतील तशी भोकं पाडायची, म्हणून प्रत्येकाची खूण वेगळी. शर्मॅकच्या टाइप थ्रीला, म्हणजे तिच्या भोकांच्या तिसऱ्या प्रकाराला, दोन तिकिटांच्या मध्ये फक्त दोन मोठी लांबट चौकोनी भोकं, ओळखायला भिंगसुद्धा लागत नाही. शिकागोची फार्वेल तर कापडाची घाऊक पेढी, तीही आपल्या टपालाला अशीच मशीनची तिकिटं लावायची, तिच्या तिकिटांवरच्या बारीक गोल भोकांचे इतके प्रकार आहेत की बायकोने त्यांचा वेगळा अल्बम केलाय आणि मला त्याला हात लावू देत नाही.

आणि राष्ट्राध्यक्ष ग्रँटचं चित्र असलेलं चार सेंटवालं तपकिरी तिकीट! १९०८ मध्ये १०,००० बिनछिद्री तिकिटं शर्मॅककडे डेट्रॉइटलाच आली, बहुतेक सगळी टपालात संपली, इथल्या एका डीलरने थोडी राखली म्हणून आज कोरी बघायला तरी मिळतात. आमच्या हातून अजून एकही गेलेलं नाही.

धंद्याचं म्हणाल तर या विषयात विश्वास हाच माल. साधं बिनछिद्री तिकीट स्वस्तात मिळतं आणि भोकं पाडायला कोणीही बसतो, बनावट माल भरपूर. त्यामुळे आम्ही सुटं तिकीट सहसा विकतच नाही, पेअर, म्हणजे जोडलेली दोन तिकिटं, नाहीतर कंपनीचं नाव छापलेलं पूर्ण पाकीट, आणि भारी माल असेल तर तज्ज्ञांचं अस्सलपणाचं सर्टिफिकेट आल्याशिवाय पैसे घेत नाही. यात काही गिऱ्हाइकं गेली पण जी टिकली ती आता आपल्या मित्रांना घेऊन येतात.

सध्या शिकागोच्या जुन्या व्यापारी पाकिटांचा एक लॉट तपासतोय. तुमच्या घरी तशी पाकिटं असतील तर तिकीट पाण्यात घालून सोडवू नका, आधी आम्हाला फोटो पाठवा.