प्रोबेटचा अर्ज दोनदा संपला, मृत्युपत्र नाही

मावशी अविवाहित होती. तिच्या मृत्युपत्रात एक्झिक्युटर (मृत्युपत्र अमलात आणणारा) म्हणून माझं नाव असल्याने जिल्हा न्यायालयात प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा न्यायालयाचा दाखला मिळवण्याचा, अर्ज मीच केला. मामेभावाने हरकत घेतली. हरकत आली की भारतीय वारसा कायदा, 1925च्या कलम 295प्रमाणे प्रकरण दाव्यासारखं चालतं. मी वादी झालो, तो प्रतिवादी.

पुढे एका तारखेला पुकारा झाला तेव्हा त्याचे वकील हजर होते, आमच्या बाजूने कुणीच नव्हतं. तारीख बदलल्याचा निरोप माझ्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. रोजनाम्यात (न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) नोंद झाली: वादी गैरहजर, दावा काढून टाकला. ते वाचून हातपाय गळाले. मावशीचं मृत्युपत्रच खोटं ठरलं, असं घरात सगळ्यांना वाटलं.

तसं काहीच झालेलं नव्हतं. मृत्युपत्र खरं की खोटं, यावर न्यायालयाने अवाक्षरही काढलं नव्हतं. साक्षीपुरावा होऊन अर्ज फेटाळला गेला असता तर वाट अपिलाची होती. गैरहजेरीत गेलेला दावा मात्र पुन्हा फाईलवर घेता येतो: दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 9, नियम 9खाली, गैरहजेरीचं सबळ कारण दाखवून, 30 दिवसांच्या आत. उशीर झाला तर तो माफ करून घ्यायला वेगळा अर्ज लागतो. (त्या दिवशी दोन्ही बाजू गैरहजर असत्या तर नियम 3 लागला असता आणि नवा दावा करण्याचा मार्गही उरला असता.) आम्ही मुदतीत गेलो. प्रतिवादीला खर्च देण्याच्या अटीवर प्रकरण पुन्हा उभं राहिलं.

आणि मग बँकेच्या लॉकरमध्ये मावशीचं नंतरच्या तारखेचं दुसरं मृत्युपत्र सापडलं. माणूस हयात असेपर्यंत मृत्युपत्र कितीदाही बदलू शकतो आणि शेवटचं तेच धरलं जातं. पहिल्यावरचा अर्ज चालवत राहणं मला पटेना. पहिल्यात ज्यांची नावं होती त्या सगळ्यांना मी आधी फोन करून सांगितलं. त्यांच्या हक्काची गोष्ट त्यांना नंतर बाहेरून कळावी, हे मला चालणारं नव्हतं.

दावा काढून घेण्याची पुरसीस (न्यायालयाला द्यायचं लेखी निवेदन) तयार झाली ती एका ओळीची. सही करण्याआधी आमच्या वकीलबाईंनी ती बाजूला ठेवली आणि आदेश 23, नियम 1खाली सविस्तर अर्ज लिहिला: नंतरचं मृत्युपत्र मिळालं आहे, म्हणून नव्याने दाखल करण्याची मुभा ठेवून काढून घेण्याची परवानगी द्यावी. ही मुभा न मागता दावा काढून घेतला तर त्याच विषयावर पुन्हा येण्याचं दार बंद होऊ शकतं. आमचं मृत्युपत्र वेगळं होतं, तरी पुढे त्यावर वाद घालायला जागा का ठेवायची, असं त्यांचं म्हणणं होतं आणि मला ते शंभर टक्के पटलं. निकालपत्रात मुभेचे शब्द आले आहेत ना, हे नक्कल हातात पडताच मी आधी पाहिलं.

मुदतीचं मात्र कुणी सहसा बोलत नाही. मुभा मिळाली तरी घड्याळ थांबत नाही. आदेश 23, नियम 2 सांगतो की मुदत मोजताना पहिला दावा झालाच नव्हता असं धरायचं. प्रोबेटला मुदत कायद्याच्या परिशिष्टातला अनुच्छेद 137, म्हणजे अर्जाचा हक्क निर्माण झाल्यापासून तीन वर्षं, लागू होतो असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलेलं आहे. म्हणून नवा अर्ज लगेच केला. दुसऱ्या मृत्युपत्राच्या दोन साक्षीदारांपैकी एक हयात आहेत; त्यांचं शपथपत्र सुरुवातीलाच जोडलं. मामेभावाला नोटीस बजावली गेली आहे, अजून त्याची हरकत आलेली नाही.