एका पातळ थरावर तीन विषय: माझा पीएच.डी.चा अनुभव

निकेल प्लेटिंगच्या, म्हणजे विजेने वस्तूंवर निकेलचा मुलामा चढवण्याच्या टाकीतून जिग, म्हणजे वस्तू टांगलेली चौकट, वर उचललं की प्रत्येक वस्तूच्या अंगाला हिरव्या द्रावणाचा पातळ थर चिकटून येतो. तो पुढच्या धुण्याच्या टाकीत उतरतो आणि तिथून सांडपाण्यात जातो. या कामातली माणसं त्याला ड्रॅग-आऊट म्हणतात. माझी सगळी पीएच.डी. या थरावर झाली. पर्यावरणशास्त्राला तो प्रदूषणाचा उगम दिसतो, गणिताला निथळणारा द्रवाचा थर दिसतो, आणि छोट्या कारखान्याच्या मालकाला दिसतं ते रोख मोजून आणलेलं आणि गटारात गेलेलं निकेल.

पर्यावरण, गणित आणि लघुउद्योग हे तीन विषय एकत्र कसे बसवले, असं मला बरेच विद्यार्थी विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. विषय बसवायच्या मागे लागू नका. तिन्ही विषयांची माणसं आपापल्या पद्धतीने मोजू शकतील अशी एक वस्तू शोधा आणि तिला सोडू नका. माझ्या सुदैवाने मला मार्गदर्शकही असेच मिळाले. सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, लिहायच्या आधीच त्यांनी ‘शाश्वत विकास’, ‘समग्र दृष्टिकोन’ असले शब्द खोडायला लावले आणि विचारलं, “नेमकं काय मोजणार आहेस?”

मी मुळात गणिताची. नोंदणी गणित विभागात, सहमार्गदर्शक पर्यावरणशास्त्राच्या, आणि सल्लागार समितीत लघुउद्योगांच्या अर्थकारणावर काम केलेले एक प्राध्यापक. अशा रचनेत कागदपत्रांची एक गोष्ट फार महत्त्वाची असते. कोर्सवर्क कोणत्या विभागाच्या नियमांनी होणार आणि थिसिस तपासायला कोणत्या विषयांचे परीक्षक जाणार, हे नोंदणीच्या वेळीच लेखी ठरवून घ्यावं. माझ्या मार्गदर्शकांनी ते करून घेतलं होतं, म्हणून शेवटी सगळं सुरळीत झालं. ज्यांचं हे ठरलेलं नव्हतं, त्यांचे थिसिस एकाच विषयाच्या परीक्षकांकडे गेलेले आणि ‘यात आमच्या विषयाचं काय?’ या शेऱ्यासह परत आलेले मी पाहिले आहेत.

समितीच्या पहिल्या बैठकीत अपेक्षित प्रश्न आलाच: यात गणित कुठे आहे? तेव्हा माझ्या मार्गदर्शक सरांनी कांटोरोविचचं उदाहरण दिलं. 1939 साली लेनिनग्राडच्या या तरुण गणितज्ञाकडे प्लायवूड उद्योगातली माणसं एक अडचण घेऊन आली होती: वेगवेगळ्या यंत्रांवर कोणतं लाकूड किती चढवायचं. त्या प्रश्नातून रेषीय नियोजनाची, म्हणजे मर्यादित साधनं सर्वांत फायद्याची कशी वाटायची या गणिताची, सुरुवात झाली आणि 1975 साली त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. अर्थशास्त्रज्ञ लिओन्टिएफने 1970 साली उद्योगांच्या आदान-प्रदानाच्या तक्त्यात प्रदूषणालाच एक ओळ दिली, हेही सरांनी सांगितलं. कारखान्यातला प्रश्न गणिताला कमीपणा आणत नाही, हे समितीला पटलं. मला तर ते आजही मनापासून पटतं.

पुढचा अडसर कारखान्यात शिरण्याचा. प्लेटिंगचे छोटे कारखाने कुणालाही सहज आत घेत नाहीत आणि त्याला कारण आहे. बाथमध्ये, म्हणजे प्लेटिंगच्या द्रावणात, चकाकी आणणारे कोणते ब्राइटनर किती घातलेत, हेच त्यांचं भांडवल असतं. शिवाय सांडपाण्याचे नमुने घ्यायला आलेला माणूस उद्या तक्रार करणार नाही, याची खात्री काय? मी संमतीपत्रात दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या: बाथचं सूत्र मी विचारणार नाही, आणि कोणता आकडा कोणत्या कारखान्याचा हे थिसिसमध्ये दिसणार नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक मालकाला त्याच्या कारखान्याची मोजमापं आधी दाखवायची आणि मग समितीपुढे न्यायची, हा क्रम मी कधीच मोडला नाही. दारं उघडली ती यामुळे.

मोजमापाचा पाया साधा आहे. साध्या वॉट्स बाथमध्ये, म्हणजे निकेल प्लेटिंगच्या नेहमीच्या द्रावणात, दर लिटरला सुमारे 70 ग्रॅम निकेल असतं. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात निकेलसाठी सुचवलेली मर्यादा आहे लिटरला 0.07 मिलिग्रॅम. म्हणजे एक लिटर ड्रॅग-आऊट त्या पातळीवर आणायला 10 लाख लिटर पाणी लागेल. हा भागाकार मी पहिल्यांदा एका मालकांसमोर कागदावर केला, तेव्हा त्यांनी कागद स्वतःकडे ओढून तो पुन्हा करून पाहिला.

आता थराचं गणित. द्रवातून पृष्ठभाग वर ओढला की त्यावर किती जाड थर येतो, याचं सूत्र लांडाऊ आणि लेविच यांनी 1942 साली दिलं. हळू वेगाच्या मर्यादेत जाडी वेगाच्या दोन-तृतीयांश घातांकाने वाढते, म्हणजे वेग दुप्पट केला की थर दीडपटीहून जाड. नंतर उभ्या पृष्ठभागावरून तो निथळतो कसा, हे जेफ्रीजने 1930 सालीच सोडवलं होतं: जाडी काळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटते. 5 सेकंदांऐवजी 20 सेकंद निथळू दिलं तर थर अर्धा होतो. तो आणखी अर्धा करायचा तर 80 सेकंद थांबावं लागतं. सुरुवातीचे सेकंद सोन्याचे आणि नंतरचे जवळजवळ वाया, हे या एका वर्गमुळात आहे.

ही सूत्रं सपाट पत्र्यासाठी आहेत. जिगवर टांगलेल्या नळाच्या तोट्या आणि बिजागऱ्या सपाट नसतात, म्हणून सूत्रातला गुणक मोजूनच काढावा लागला. धुण्याच्या टाकीचा नळ बंद ठेवायचा, जिग बुडवायचं, पाण्याची विद्युतवाहकता किती वाढली ते पाहायचं, कारण जितकं द्रावण पाण्यात उतरतं तितकी ती वाढते. हेच पुनःपुन्हा. अशाच एका दुपारी मला एका ऑपरेटरकाकांनी जे शिकवलं, ते मी कोणत्याही पेपरात वाचलं नव्हतं. ते जिग वर काढताना मनगट किंचित वळवायचे, म्हणजे वस्तूची खालची कडा आडवी न राहता एक कोपरा खाली यायचा. आडव्या कडेला थेंबांची रांग लटकून राहते. कोपरा खाली आला की सगळं द्रावण तिथे गोळा होऊन धारेने टाकीत परत जातं. त्यांच्या हाताने काढलेल्या जिगनंतर वाहकता स्पष्टपणे कमी वाढत होती. “काका, हे तुम्हाला कुणी सांगितलं?” विचारलं तर म्हणाले, “ताई, डोळ्यासमोर माल खाली पडताना दिसतो की.” माझ्या मॉडेलमध्ये त्या वळणासाठी वेगळा गुणक आहे आणि थिसिसमध्ये त्याचं श्रेय ‘ऑपरेटरांचं निरीक्षण’ असं नोंदवलेलं आहे.

निथळण्यासाठी माणसाने जिग हातात धरून उभं राहायचं, तर तेवढा मजुरीचा वेळ जातो आणि माल कमी निघतो. त्यावरचा उपाय या धंद्यात जुनाच आहे: टाकीच्या वर एक आडवा दांडा लावायचा, जिग त्यावर अडकवायचं आणि तोवर दुसरं उचलायचं. पण इथेही वरची मर्यादा आहे. निकेलवर पुढे क्रोम चढवायचं असेल तर पृष्ठभाग सुकून चालत नाही. तो निष्क्रिय होतो आणि क्रोम नीट बसत नाही. म्हणजे निथळण्याच्या काळाला खालून नफ्याची आणि वरून रसायनाची मर्यादा. इथून खरं ऑप्टिमायझेशन सुरू होतं.

धुण्याच्या पाण्याचं गणित मालकांना सगळ्यात लवकर पटलं. तासाला एक लिटर ड्रॅग-आऊट येतोय आणि तो हजारपट पातळ करायचाय असं धरा. एकाच टाकीत धुतलं तर तासाला हजार लिटरच्या आसपास पाणी लागतं. दोन टाक्या ठेवल्या आणि पाणी मालाच्या उलट दिशेने सोडलं तर सुमारे 31 लिटर, तीन टाक्यांत सुमारे 10 लिटर. शिवाय बाथ गरम असतो, त्यातलं पाणी उडत राहतं. त्यामुळे पहिल्या टाकीतलं निकेलयुक्त पाणी बाथमध्येच परत घालता येतं.

मग सगळे तसं का करत नाहीत? पर्यावरणाच्या मॅडमचा आणि माझा यावर बराच काळ खल चालला. त्यांना सगळं द्रावण परत जायला हवं होतं. कारखान्यातून मात्र एकच उत्तर येत होतं: बाथ खराब होतो. मी ते समीकरणात मांडलं. बाथमध्ये लोखंड, तांबं, जस्त आणि ब्राइटनरचे तुटलेले अवशेष सतत थोडे थोडे येत राहतात आणि त्यांना बाहेर जायची नेहमीची वाट म्हणजे ड्रॅग-आऊट. स्थिर अवस्थेत अशुद्धीची पातळी येणाऱ्या घाणीला ड्रॅग-आऊटने भागून मिळते. ड्रॅग-आऊट अर्धा केला की अशुद्धी दुप्पट. पूर्ण बंद केला तर ती वाढतच राहते. म्हणजे ऑपरेटर सांगत होते ते एका ओळीच्या अवकल समीकरणाचं उत्तर होतं. त्या दिवसापासून कार्बन फिल्टर आणि कमी करंटवर बाथ साफ करण्याचा खर्च हिशेबात आला, आणि ‘शंभर टक्के परत’ हे उद्दिष्ट आम्ही सोडून दिलं. माझ्या सगळ्या कामात मला सर्वांत जवळचं वाटतं ते हेच प्रकरण.

मॅडमनी दुसरी एक गोष्ट लावून धरली, ती मला एकटीला कधीच दिसली नसती. पाणी कमी वापरलं की सांडपाण्यातलं निकेल अधिक दाट होतं. नियम बहुतेक वेळा लिटरमागे मिलिग्रॅम मोजतात. म्हणजे एकूण निकेल कमी सोडणारा कारखाना प्रक्रियेआधीच्या नमुन्यात वाईट दिसतो आणि नळ भसाभसा सोडणारा चांगला. पण प्रक्रियेनंतर चित्र उलटतं. चुना किंवा कॉस्टिक घालून सामू 10 च्या आसपास नेला की निकेल हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतं आणि पाण्यात जे विरघळून उरतं ते साधारण लिटरमागेच ठरतं. पाणी जितकं कमी, तितकं बाहेर जाणारं निकेल कमी. म्हणून आम्ही प्रत्येक तक्त्यात दाटी आणि दिवसाचा एकूण भार, दोन्ही दिले. ज्या पाण्यात ते जाणार त्याचा कठीणपणाही दिला, कारण कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलेल्या पाण्यात तेवढंच निकेल जलचरांना कमी बाधतं.

अर्थकारणाच्या प्राध्यापकांनी माझी गुंतवणुकीची गणितं बाजूला ठेवली आणि मालकांची उधारीची वही पाहायला सांगितली. कागदावर तिसरी टाकी लवकर पैसे फेडते. पण मोठ्या गिऱ्हाइकाचं बिल अडकलेलं असताना खेळत्या भांडवलातून टाकीचे पैसे काढायचे कुठून? तेव्हा निव्वळ नफ्याच्या सूत्राऐवजी ‘कोणत्याही महिन्यात हातातली रोकड अमुकच्या खाली जाता कामा नये’ ही अट मॉडेलमध्ये आली. मग एकेक मर्यादा थोडी सैल करून फायदा किती वाढतो ते पाहिलं. यालाच शॅडो प्राइस म्हणतात, आणि त्याचं मूळ कांटोरोविचच्याच गुणकांत आहे. अनेक ठिकाणी सर्वांत महाग निघाली ती जमिनीची लांबी. “मॅडम, पैसे उभे करीन, पण टाकी ठेवू कुठे?” हे एका मालकांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तिथे एकाच टाकीत पडदा घालून दोन कप्पे करणं हा उत्तम पर्याय ठरला. छोट्या उद्योगाकडे नुसती आकडेवारी मागायला जाणाऱ्यांना हे ज्ञान मिळत नाही, कारण ते प्रश्नावलीच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही.

पेपर छापून येण्याबद्दल थोडक्यात. गणिताच्या नियतकालिकाला नवं प्रमेय हवं होतं, पर्यावरणाच्या नियतकालिकाला समीकरणं कमी हवी होती, व्यवस्थापनाच्या नियतकालिकाला कारखान्यांची संख्या जास्त हवी होती. शेवटी अशुद्धीच्या समीकरणाचा, भार-दाटीचा आणि रोकड-मर्यादेचा असे वेगळे पेपर केले. मोजमापं मात्र सगळ्यांत तीच वापरली. हे तुकडे करणं मला आवडत नाही. एकत्र वाचल्याशिवाय त्यातला कोणताही पेपर पुरता कळत नाही. पण विद्यार्थ्याला दुसरा मार्ग नसतो, आणि थिसिसमध्ये तरी ते एकत्र राहतात.

व्हायवाला तिन्ही विषयांचे परीक्षक होते. सर्वांत अवघड प्रश्न बाहेरून आलेल्या गणितज्ञांनी विचारला: हेच मॉडेल क्रोमच्या बाथला चालेल का? थराचं आणि धुण्याचं गणित चालेल, असं मी सांगितलं. परत घेण्याचा हिशेब मात्र बदलतो. निकेलचे अॅनोड विरघळून बाथला धातू पुरवतात, त्यामुळे सगळं द्रावण परत घातलं तर निकेलची पातळी हळूहळू वरच चढते. क्रोमच्या बाथमध्ये अॅनोड शिशाच्या मिश्रधातूचे असतात, ते क्रोम देत नाहीत. सगळं क्रोम वरून घातलेल्या क्रोमिक अॅसिडमधूनच येतं, त्यामुळे तिथे परत मिळवलेला प्रत्येक लिटर जास्त मोलाचा. आणि जे बाहेर जातं ते षट्संयुजी क्रोमियम असतं. ते आधी त्रिसंयुजी केल्याशिवाय खाली बसत नाही, म्हणजे प्रक्रियेचा खर्चही एका पायरीने वाढतो. सध्या याच प्रश्नावर मी काम करते आहे. कारखाने तेच आहेत, आणि मोजमापाचं वेळापत्रक या वेळी ऑपरेटरांनीच आखून दिलं आहे.